शून्याचीही नोंद हवी

आज २० ऑगस्ट, जागतिक डास दिन. १८९७ साली याच तारखेला सिकंदराबादेत भारतीय वैद्यकीय सेवेतले डॉक्टर रोनाल्ड रॉस सूक्ष्मदर्शकाखाली एक डास उघडून पाहत होते. त्याच्या जठराच्या भिंतीत त्यांना काळ्या कणांनी भरलेल्या गोल पेशी दिसल्या. चार दिवसांपूर्वी हा मादी डास हुसेन खान नावाच्या हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायला होता. हिवताप दलदलीतून उठणाऱ्या दूषित हवेने होतो, असे तोवर शतकानुशतके मानले जात होते. त्याचा परजीवी डासाच्या शरीरात शिरतो आणि तिथे वाढतो, हे त्या दिवशी प्रथमच कोणी डोळ्यांनी पाहिले. पुढच्याच महिन्यात रॉस यांची राजपुतान्यातल्या खेरवाड्याला बदली झाली आणि काम अडले. १८९८ साली कोलकात्यात त्यांनी पक्ष्यांच्या हिवतापावर ते पुढे नेले. परजीवी डासाच्या लाळग्रंथीत पोचतो आणि दंशातून निरोगी पक्ष्याच्या रक्तात उतरतो, हे तिथे सिद्ध झाले. माणसाच्या बाबतीतला पुरावा त्याच वर्षी इटलीत ग्रासी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला. १९०२ साली रॉस यांना नोबेल मिळाले.

या शोधामागे आणखीही माणसे होती. हुसेन खान याने एका डासामागे एक आणा घेऊन स्वतःचा हात पुढे केला. कोलकात्यात महंमद बक्ष या मदतनिसाने डास पकडले, अळ्या वाढवल्या, रात्री जागवल्या. डास पकडणारा, तो ओळखणारा आणि त्याची नोंद ठेवणारा माणूस नसेल, तर सूक्ष्मदर्शकापुढे बसलेल्या शास्त्रज्ञाकडे पाहण्यासारखे काहीच नसते. सव्वाशे वर्षांनंतरही हे बदललेले नाही. म्हणून आजच्या दिवशी एकच गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. डासांचा अभ्यास रुग्णसंख्येच्या मागे धावणारा असून चालणार नाही. रुग्ण कमी झाले, अगदी उरले नाहीत, तरीही तो चालू राहिला पाहिजे.

रोग पसरतो कसा, हे नीट समजून घेतले की या आग्रहाचे कारण कळते. हिवतापाच्या रुग्णाचे रक्त प्यायलेला डास लगेच रोग देत नाही. परजीवी त्याच्या जठरातून लाळग्रंथींपर्यंत पोचायला हवामानानुसार साधारण दहा ते चौदा दिवस लागतात, आणि बहुतेक डास तेवढे जगतच नाहीत. हिवताप पसरतो तो दीर्घायुषी ठरलेल्या थोड्या माद्यांमुळे. त्यामुळे गावात डास किती आहेत यापेक्षा ते किती दिवस जगतात, हा प्रश्न मोठा ठरतो. रॉस स्वतः गणिती वृत्तीचे होते. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या हिवतापप्रतिबंधाच्या ग्रंथात त्यांनी समीकरणे मांडून दाखवले की प्रत्येक डास मारण्याची गरज नाही. डासांची संख्या एका विशिष्ट मर्यादेखाली नेली, की रोगाची साखळी आपोआप तुटत जाते. पुढे १९५०च्या दशकात जॉर्ज मॅक्डोनाल्ड यांनी हे गणित वाढवले आणि डासाचे आयुष्य थोडे जरी घटले तरी रोगप्रसार किती झपाट्याने खाली येतो, हे स्पष्ट केले. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, म्हणून भिंतीवर कीटकनाशक फवारायचे, ही साऱ्या जगाने स्वीकारलेली रीत याच विचारावर उभी आहे.

मात्र या समीकरणांत घालायचे आकडे कागदावर बसून मिळत नाहीत. अमुक गावातला डास माणसाला चावतो की गुराला? घरात विसावतो की झाडीत? संध्याकाळी चावतो की पहाटे? विहिरीत अंडी घालतो की ओढ्याच्या काठच्या संथ पाण्यात? कोणत्या कीटकनाशकाने अजून मरतो? याची उत्तरे जागोजागी वेगळी असतात आणि काळानुसार बदलतात. हातात टॉर्च आणि काचेची नळी घेऊन दिवेलागणीला गोठ्यात शिरणारा माणूसच ती आणून देतो. महाराष्ट्राच्या आरोग्य खात्यात त्याच्या पदाला कीटक समाहारक म्हणतात. बाहेर हे नाव फारसे कोणाला ठाऊक नाही, पण रोगप्रसाराचे संशोधन तिथूनच सुरू होते.

या कामाचा एक मोठा धागा आपल्या विदर्भातून निघतो. १९०१ साली विल्यम ग्लेन लिस्टन या लष्करी डॉक्टरने एलिचपुरात, म्हणजे आजच्या अमरावती जिल्ह्यातल्या अचलपुरात, वर्षभर हिवताप पसरवणाऱ्या ॲनोफिलिस डासांच्या सवयी न्याहाळून त्यांवर लेख लिहिला. त्याच वर्षी त्यांनी एका नव्या जातीचे वर्णन केले आणि हिवतापाचे अभ्यासक स्टीफन्स यांच्या सन्मानार्थ तिचे नाव ॲनोफिलिस स्टीफेन्सी ठेवले. हेच लिस्टन पुढे मुंबईत आले आणि प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे दाखवण्यात त्यांनी मोठी कामगिरी केली.

स्टीफेन्सी हा शहराचा डास. त्याला स्वच्छ, संथ, साठवलेले पाणी लागते. १९११ साली चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापावर सविस्तर अहवाल दिला, त्यात हाच डास आणि शहरातल्या विहिरी यांचे नाते मांडले. विहारचे पाणी नळाने येऊन तेव्हा पन्नास वर्षे झाली होती, तरी वाड्यावाड्यांत विहिरी उघड्या होत्या. विहिरी बुजवा किंवा डास शिरणार नाही अशा झाका, या सूचनेला विरोध झाला. अनेक विहिरींशी श्रद्धा जोडलेली होती, त्यामुळे समजूत घालत, वाटाघाटी करत मार्ग काढावे लागले. पुढे विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आणि डासही जिने चढून वर गेला. टाकीला घट्ट झाकण हवे, तपासणाऱ्याला वर जाता यावे म्हणून शिडी हवी, असे मुंबई महापालिकेचे नियम त्या अनुभवातून आले. शहरातला हिवताप आटोक्यात ठेवायचा तर औषधाच्या जोडीला बांधकामाचे नियम, पाणीपुरवठा आणि रोजची तपासणी लागते, हा धडा मुंबईने शंभर वर्षांपूर्वी घेतला.

तो धडा आज आफ्रिकेला हवा आहे. २०१२ साली जिबुती या छोट्या बंदरदेशात स्टीफेन्सी डास सापडला. जिबुती तेव्हा हिवतापमुक्तीच्या उंबरठ्यावर होता. त्या वर्षी तिथे अवघे २७ रुग्ण नोंदले गेले होते. २०२० मध्ये हा आकडा ७३ हजारांवर गेला. मधल्या काळात हा डास इथिओपियात, सुदानात, सोमालियात आणि पुढे नायजेरिया, घाना, केनियापर्यंत आढळला. २०२२ साली इथिओपियाच्या दिरे दावा शहरात ऐन कोरड्या हंगामात हिवतापाची साथ आली, तेव्हा संशोधकांनी घरोघर तपास करून तिचा संबंध याच डासाशी जोडला. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने त्याला रोखण्यासाठी स्वतंत्र मोहीम जाहीर केली. आफ्रिकेतले पारंपरिक हिवतापवाहक डास पावसाच्या डबक्यांत वाढतात आणि मध्यरात्री घरात शिरून चावतात. तिथली सारी यंत्रणा मच्छरदाणी आणि घरातली फवारणी यांभोवती उभी राहिली ती त्यामुळे. टाकीत, पिंपात, बांधकामाच्या हौदात बारा महिने वाढणाऱ्या डासासाठी ती पुरी पडत नाही. जगातले हिवतापाचे नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू आफ्रिकेत होतात. २०२३ साली जगभरात हिवतापाने सुमारे सहा लाख माणसे दगावली, आणि त्यांत पाच वर्षांखालची मुले सर्वाधिक होती. त्या खंडातली शहरे झपाट्याने वाढत असताना तिथे शहरी डास पोचणे ही साऱ्या जगाने काळजी करावी अशी घटना आहे. मुंबई, पणजी, चेन्नईचे कर्मचारी शंभर वर्षांत जे शिकले ते अदिस अबाबा आणि नैरोबीपर्यंत नेणे हे आपले कर्तव्य मानायला हवे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-२१ ही हिवतापाची लस २०२३ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीत आहे आणि आफ्रिकेतल्या मुलांपर्यंत पोचते आहे. लशीच्या जोडीला टाकीच्या झाकणाचे ज्ञानही पाठवता येईल.

पण दुसऱ्यांना शिकवताना आपला स्वतःचा इतिहास विसरता येत नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होत असे आणि आठ लाख मृत्यू होत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. गावोगावच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. १९६५ पर्यंत रुग्ण एक लाखावर आले आणि त्या वर्षी एकाही मृत्यूची नोंद झाली नाही. जगाने नवल करावे असे ते यश होते. त्यानंतर पैसा कमी पडू लागला, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, शहरांतला हिवताप मोजण्यातून निसटला, आणि रुग्णच नाहीत तर पाहायचे कशाला, अशी सुस्ती आली. १९७६ साली देशात चौसष्ट लाखांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. श्रीलंकेची कथा याहून ठळक आहे. १९६३ साली तिथे फक्त १७ रुग्ण होते. फवारणी थांबली, लक्ष उडाले, आणि १९६९ पर्यंत आकडा पाच लाखांपलीकडे गेला. त्या देशाने मात्र त्यातून धडा घेतला. रुग्ण संपत आले तरी त्याने पाहणी सोडली नाही आणि २०१६ साली हिवतापमुक्तीचे प्रमाणपत्र मिळवले. त्याच सुमारास मन्नार भागात स्टीफेन्सी डास शिरल्याचे तिथल्या कीटकशास्त्रज्ञांना कळले तेही पाहणी चालू होती म्हणूनच.

आपल्या जवळचे उदाहरण चिकुनगुन्या या डासांतूनच पसरणाऱ्या आजाराचे आहे. १९७३ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत त्याची मोठी साथ आली. त्यानंतर हा आजार देशातून जणू नाहीसा झाला. तीन दशकांनी, २००५ च्या अखेरीस तो परतला आणि २००६ साली देशभरात तेरा लाखांहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत सांधे धरून बसलेली माणसे अनेकांना आठवत असतील. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने हा विषाणू तपासला तेव्हा तो बार्शीच्या वेळच्या आशियाई प्रकारचा नसून आफ्रिकी प्रकारचा असल्याचे दिसले. संस्थेकडे आणखी एक नमुना जपलेला होता. २००० साली पुणे जिल्ह्यातल्या यवतमध्ये पकडलेल्या एडीस डासांत चिकुनगुन्याचा विषाणू सापडला होता, आणि तोही आफ्रिकी प्रकारचाच निघाला. म्हणजे लाखो लोक अंथरुणाला खिळण्याच्या पाच वर्षे आधी तो विषाणू सोलापूर रस्त्यावरच्या एका गावातल्या डासांत येऊन बसला होता. कुणीतरी ते डास पकडले, तपासले, नमुना जपून ठेवला, म्हणून हे आज आपल्याला माहीत आहे. असे डास पकडणारे हात त्या वेळी प्रत्येक जिल्ह्यात असते आणि त्यांना काय मिळाले हे एकत्र वाचणारी व्यवस्था असती, तर तयारीला अवधी मिळाला असता. रोगाची पहिली बातमी रुग्णालयाच्या आधी डासाच्या पोटात येते. २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरमध्ये राज्यातला झिकाचा पहिला रुग्ण सापडला, तेव्हाही हेच पुन्हा जाणवले.

पावसाळ्यात तालुक्याच्या ठिकाणी पर्जन्यमापकाचा आकडा रोज लिहिला जातो आणि थेंबही पडला नाही तरी त्या दिवसापुढे शून्य मांडले जाते. त्या शून्यांशिवाय पावसाचा हिशेब लागत नाही. डासांच्या पाहणीचे तसेच आहे. या आठवड्यात शंभर घरांत अळ्या मिळाल्या नाहीत, हीसुद्धा नोंद आहे, आणि ती लिहिणारा माणूस नेमणे हा वायफळ खर्च ठरत नाही.

असे काम आजही आपल्या आसपास चालू आहे. हत्तीरोगाचे सूक्ष्म कृमी दिवसा शरीराच्या आत दडतात आणि रात्री दहाच्या पुढे वरच्या रक्तात उतरतात, कारण तीच त्यांचा वाहक असलेल्या क्युलेक्स डासाच्या चावण्याची वेळ. म्हणून या रोगाच्या पाहणीसाठी कर्मचारी रात्री उशिरा घरोघर जाऊन झोपलेल्या माणसांना उठवतात आणि बोटातून रक्ताचा थेंब घेतात. पूर्व विदर्भात हे काम वर्षानुवर्षे होत आले आहे. सेवाग्रामच्या वैद्यकीय संस्थेत डॉ. भास्कर हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हत्तीरोगाच्या निदानावर दीर्घकाळ संशोधन केले. २०१९ पासून नागपूर जिल्ह्यात तीन औषधे एकत्र देण्याची मोहीम सुरू झाली. गडचिरोलीत, जिथे राज्यातल्या हिवतापाचा फार मोठा वाटा आहे, आशाताई पायवाटेने पाड्यावर जाऊन काचपट्टीवर रक्तनमुना घेतात आणि मच्छरदाण्या पोचवतात. पण मोहफुले वेचायला पहाटेच्या अंधारात रानात जाणाऱ्या, तेंदूपानांच्या हंगामात उघड्यावर मुक्काम करणाऱ्या माणसाला मच्छरदाणीचा उपयोग कितीसा? त्याला चावणारा डास कुठला, तो केव्हा चावतो, हे त्या रानात जाऊनच शोधावे लागते. पुस्तकातले उत्तर भामरागडला लागू पडत नाही.

गोव्याने एक उपयोगी वाट दाखवली आहे. १९८०च्या दशकात पणजी आणि परिसरात बांधकामे वाढली, तसा स्टीफेन्सी डास आणि हिवतापही वाढला. तिथल्या संशोधकांनी अळ्या मारणारे जिवाणू आणि त्या खाणारे स्थानिक छोटे मासे वापरून पाहिले. बांधकाम मजुरांची रक्ततपासणी आणि आरोग्यपत्र बंधनकारक झाले. मजूर हा रोगाचा गुन्हेगार मानला तर तो तपासणीपासून लपतो. उपचाराचा हक्कदार मानला तर स्वतःहून पुढे येतो. या धोरणाचे यश त्या फरकावर अवलंबून असते, आणि साथीच्या काळात परप्रांतीयाकडे बोट दाखवणाऱ्या प्रत्येक शहराने हे लक्षात ठेवावे.

मग आता करायचे काय? हिवताप विभागातल्या रिकाम्या पदांचा प्रश्न वर्षानुवर्षे मांडला जातो. कीटक समाहारक, प्रयोगशाळा तंत्रज्ञ, जिल्हा पातळीवरचा कीटकशास्त्रज्ञ ही पदे प्रथम भरावीत आणि ती हंगामी ठेवू नयेत. विद्यापीठांतल्या प्राणिशास्त्राच्या विभागांनी डास ओळखण्याचे शिक्षण पुन्हा गंभीरपणे द्यावे, कारण जनुकीय तपासणी कितीही पुढे गेली तरी नमुना कोणता आणि कुठला हे सांगणारी नजर लागतेच. महापालिकांनी प्रभागवार अळ्यांच्या पाहणीचे आकडे दर आठवड्याला लोकांपुढे ठेवावेत. आपल्या गल्लीत अळ्या सापडल्या हे कळले की रहिवासी टाकीचे झाकण आपणहून पाहतात. बांधकामांवर तपासणीसाठी पावसाळ्याची वाट पाहू नये.

पाण्याचाही प्रश्न आहे. आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, असे आपण लोकांना सांगतो. ते योग्यच आहे. पण मराठवाड्यातल्या एखाद्या शहरात चार-चार, आठ-आठ दिवसांनी नळ येत असेल, तर तिथल्या बाईने भरलेले पिंप रिकामे करावे कसे? साठवण ही तिची सवय नव्हे, गरज आहे. नियमित पाणीपुरवठा हा डेंगी आणि हिवताप रोखण्याचा उपाय आहे, हे पाणीपुरवठ्याच्या आराखड्यात लिहिले गेले पाहिजे. ते होईपर्यंत घट्ट बसणारे झाकण स्वस्तात मिळवून देणे ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. धुराची गाडी गल्लीतून फिरली की काम झाल्यासारखे वाटते. धुराने उडणारे काही डास मरतात, पण पिंपातल्या अळ्या तशाच राहतात आणि आठवड्याभरात नवी पिढी बाहेर पडते.

२०२७ पर्यंत देशात स्थानिक संसर्गाचा एकही हिवताप रुग्ण राहू नये आणि २०३० पर्यंत देश हिवतापमुक्त व्हावा, असे उद्दिष्ट आपण ठरवले आहे. ते आवाक्यात आहे. देशातले रुग्ण आणि मृत्यू गेल्या दोन दशकांत खूप उतरले आहेत आणि त्याचे श्रेय हजारो अनाम कर्मचाऱ्यांचे आहे. पण खरी परीक्षा पुढे आहे. एखाद्या वर्षी जिल्ह्याच्या अहवालात हिवतापाच्या रकान्यात शून्य येईल. तेव्हा अंदाजपत्रकाच्या बैठकीत कुणीतरी विचारील की रुग्णच नाहीत, तर ही पदे कशाला? १९६५ नंतर हा प्रश्न विचारला गेला आणि त्याला दिलेल्या चुकीच्या उत्तराची किंमत लाखो घरांनी मोजली. पुढच्या वेळी आमदार, नगरसेवक, अधिकारी आणि त्यांना निवडून देणारे आपण सारे, याचे उत्तर आधीच ठरवून ठेवू: शून्य आले, म्हणूनच ही पदे राहतील.